मेंढवाड्याच्या बेटावरचं लग्न

बेटावर लग्न लावायची कल्पना मंजुळाची होती.

जायकवाडीच्या धरणात भोरखेडं बुडालं, तेव्हा गावाच्या वरच्या अंगाचं एक टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. पूर्वी तिथं धनगरांची मेंढरं बसायची, म्हणून लोक त्याला मेंढवाडा म्हणत. चहूबाजूंनी पाणी आलं तरी नाव तेच टिकलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की टेकाडाभोवती वाळूचा पट्टा उघडा पडायचा. मासे धरणारे भोई दुपारी तिथं जाळी वाळवायला थांबत. बाकी कुणी फिरकत नसे.

मंजुळा त्याच गावची, मल्हारराव धनगराची धाकटी लेक. गाव उठलं तेव्हा सरकारनं माळावर नवं भोरखेडं वसवून दिलं. चराई गेली, मेंढरं विकावी लागली, आणि मंजुळा शहरात राजाबाई आत्याकडं राहायला आली. आत्या विधवा होती. मुकुंदवाडीत तिची एक खोली होती. चिकलठाण्याला तेव्हा कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता आणि त्यांना बाया हव्या होत्या. मंजुळाला औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम मिळालं. तिथंच सखाराम फिटर होता. तोही भोरखेड्याचाच, कडुबाचा मुलगा. गावात दोघांनी एकमेकांना पाहिलेलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. मंजुळाचं घर वरच्या आळीत, सखारामचं खाली नदीकडं, बौद्धवाड्यात. बोलण्यासाठी आधी गाव बुडावं लागलं.

सुटी झाली की दोघं जालना रस्त्याच्या कडेनं चालत मुकुंदवाडीपर्यंत यायची. आत्याला कळलं तेव्हा तिनं मंजुळाला दोन दिवस फैलावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सखारामला घरी बोलावून चहा दिला, घरातल्याच कपात. तो गेल्यावर तो कप तिनं बाकीच्या कपांबरोबरच धुतला, आणि मंजुळाला कळलं की आत्या आपल्या बाजूची आहे. आत्याच मग भावाशी बोलायला भोरखेड्याला गेली.

पुढच्या आठवड्यात मल्हारराव आला. पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला. बाप मारणार असं मंजुळाला वाटत होतं. त्यानं मारलं नाही.

"पोरगं चांगलंय," तो म्हणाला. "कडुबाला मी लहानपणापासून वळखतो. माझी हरकत नाय. पण गावात मांडव घालता येणार नाय. भिकनचं लग्न व्हायचंय अजून. त्याला पोरगी कोण देईल?"

भिकन म्हणजे मंजुळाचा थोरला भाऊ.

"मग इथं शहरात लावू," आत्या म्हणाली.

"शहरात आपले लोक नायत का? निम्मं सिल्लोड अन् निम्मं पैठण कारखान्यात येऊन बसलंय."

तेव्हा मंजुळा म्हणाली, "आप्पा, मेंढवाड्यावर लावलं तर? बेटावर?"

मल्हाररावनं मान वर केली. इतका वेळ आवळलेला त्याचा चेहरा सैल झाला. "व्हय," तो म्हणाला. "ते जमंल. तिथं कोण येतंय बघायला."

दुसऱ्या दिवशी हे सखारामला सांगताना मंजुळानं शब्द बदलले. "आपलं गाव म्हणून तेवढंच उरलंय," ती म्हणाली. "तिथं लावू. वाळू हाय, पाणी हाय. कुणाच्या दारात नको नि कुणाच्या मांडवात नको." सखारामला हे इतकं आवडलं, की तो चालता चालता थांबला. असं लग्न आपल्याकडं कुणाचंच झालं नसेल, असं तो म्हणाला. बाप काय बोलला होता ते मंजुळानं सांगितलं नाही.

चैत्रात एका रविवारी ती दोघं आणि आत्या एस.टी.नं पैठणला गेली आणि तिथून पुढं धरणाच्या काठाला. बद्रीनाथ नावाचा भोई आत्याच्या ओळखीचा होता. त्यानं नावेतून त्यांना बेटावर नेलं. वाळू पायाला भाजत होती. टेकाडावर दगडांचं जुनं कुंपण अजून थोडं उभं होतं. आत्यानं मांडव कुठं घालायचा ते ठरवलं. चार कळक रोवायचे, वर साड्या बांधायच्या. वाऱ्यात चूल पेटणार नाही, म्हणून पैठणहून बुंदी आणि शेव आणायची. नवरीनं कुठं बसायचं, नवऱ्यानं कुठून यायचं, हेही तिनं पायानं वाळूत रेघ ओढून दाखवलं.

सखाराम कुंपणापाशी उभा होता.

"इथं वर मी कधी आलोच नव्हतो," तो मंजुळाला म्हणाला. "मेंढरू मेलं की बा ते ओढून न्यायला यायचा. मला खाली ओढ्याशी थांबवायचा. म्हणायचा, वर येऊ नको."

सखाराम हसला. "आता नवरदेव म्हणून येईन," तो म्हणाला.

भोरखेड्याच्या नव्या वस्तीत त्याचे आईवडील राहत होते. कडुबाला लग्न मोठं हवं होतं. एकुलता मुलगा, कारखान्यात कायम झालेला. सगळी वस्ती जेवली पाहिजे असं त्याचं म्हणणं. बेटाचं ऐकून त्यानं बायकोकडं पाहिलं. बोलली ती भामाबाई, सखारामची आई.

"बेटावर कामून रं?"

"आपलं गाव हाय ते, माय. मंजुळाची विच्छा हाय."

"मंजुळाची हाय का तिच्या बापाची?"

"मंजुळाची."

भामाबाईनं पुढं विचारलं नाही. तिनं पैठणहून सुनेसाठी हिरवी साडी आणली, मोरपंखी काठाची. आणल्यावर शेजारणीला दाखवायची सोय नव्हती, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. मग ती दार लावून घडी उलगडायची आणि पुन्हा घालून ठेवायची. तिची एक साधी इच्छा होती. लग्नाआधी एकदा व्याह्याच्या घरी जाऊन यावं, मंजुळाच्या आईच्या हातात चोळीचा खण द्यावा. तसा निरोप तिनं आत्याकडून पाठवला. मल्हाररावचं उत्तर आलं, आत्ता नको, लग्न झाल्यावर बघू. एकाच गावात दोन घरं, हाकेच्या अंतरावर. तरी निरोप शहरातून फिरून जात होता.

मग एकेक गोष्ट कमी होत गेली. वैशाख नको, मल्हारराव म्हणाला, पाव्हणेरावळे गावोगाव फिरत असतात. आषाढ धरा. आषाढात कुणी लग्न करत नाही, त्यामुळं कुणाला शंका यायची नाही. बौद्धांना मुहूर्ताचं काही नव्हतं, म्हणून कडुबानं ते मान्य केलं. मग वाजंत्री नको, पाण्यावरून आवाज लांब जातो. मग वस्तीतली माणसं नकोत, फक्त घरची. कडुबानं तेही ऐकलं. शेवटी निरोप आला की वंदना म्हणा, पण बाबासाहेबांचा फोटो मांडू नका. नामांतराचं वातावरण तापलंय, नाववाल्यानं कुठं सांगितलं तर उगाच बोभाटा.

त्या दिवशी कडुबा संतापला. "विद्यापीठाला नाव द्या म्हणून आम्ही मोर्चे काढायचे," तो सखारामला म्हणाला, "अन् पोराच्या लग्नात फोटो झाकून ठेवायचा? मग कशाला करतोस लग्न?"

सखाराम बापाच्या पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखाद्या गोष्टीसाठी असं केलं, आणि करताना त्याला स्वतःची लाज वाटली. भामाबाईनं तोड काढली. "फोटो मी पिशवीत ठेवीन," ती म्हणाली. "येळ आली तर काढीन. नाय तर पिशवीत राहील. आपल्याजवळ हाय म्हणजे झालं."

मंजुळाला हे सखारामनंच सांगितलं. "तुझी माय लई मोठ्या मनाची हाय," ती म्हणाली. तो म्हणाला, "व्हय. पण किती वेळ मोठं मन ठेवायचं तिनं?"

लग्न आषाढाच्या अखेरच्या रविवारी ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईला नामांतराचा ठराव मंजूर झाला. शहरात काही वस्त्यांमध्ये पेढे वाटले गेले आणि काही रस्त्यांवर दगडफेक सुरू झाली. एस.टी. बंद पडली. कारखान्यात निम्मी माणसं येईनात. जी येत, ती आपापल्या माणसांशी हळू आवाजात बोलत. पाकिटं भरणाऱ्या बायकांमध्येही दोन बाजू झाल्या. मंजुळा कुठल्याच बाजूला बसली नाही. गावाकडून काही कळत नव्हतं. सखाराम दोनदा पैठण रस्त्यापर्यंत जाऊन परत आला. पोलीस पुढं सोडत नव्हते.

मग कळलं. नव्या भोरखेड्यातली बौद्धांच्या घरांची ओळ जळाली होती.

कडुबा त्या दिवशी नावेचं पक्कं करायला बद्रीनाथकडं गेला होता, म्हणून वाचला. भामाबाईही वाचली. पोलिसांच्या गाडीतून दोघं पैठणला आणि तिथून शहरात आली. मुकुंदवाडीत नगरपालिकेच्या शाळेत गावोगावची माणसं येऊन पडली होती, त्यांच्यात ती राहिली. सखारामची खोली होती, पण भामाबाई वस्तीतल्या बाया सोडून यायला तयार नव्हती. मंजुळा आत्याबरोबर तिला भेटायला गेली. भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या लुगड्याचा पदर जळून आखडला होता. मंजुळानं विचारलं, लागलं का कुठं. ती नाही म्हणाली.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना मल्हारराव आत्याच्या खोलीवर आला. त्यानं सखारामला बोलावणं धाडलं. सखाराम आला तो आईला घेऊन. कडुबा आला नाही.

मल्हारराव दमलेला दिसत होता. भामाबाईला पाहून तो थोडा सरकून बसला, पण त्यानं बोलायचं ते बोलून घेतलं.

"जे झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण मी शब्द फिरवणारा माणूस नाय. लग्न रविवारीच लावू. फक्त आता तुझे आईबाप नकोत, सखाराम. दिवस वाईट हायत. तू, मंजुळा, मी अन् राजाबाई. बद्रीनाथ पहाटं नाव आणंल. घटकेत उरकू."

तो हे मनापासून म्हणत होता. एवढं करण्यातही आपण जीव धोक्यात घालतोय असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

सखारामनं आईकडं पाहिलं. भामाबाई मल्हाररावकडं बघत होती.

"मल्हारभाऊ," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्या दारात आल्ते, ते पोरांना सांगितलं का तुम्ही?"

मल्हाररावनं मांडीवरचा पटका उचलून पुन्हा ठेवला.

"मग मी सांगते." ती मंजुळाकडं वळली. आवाज चढवला नाही. "ते लोक वस्तीत घुसले, तवा मी घरात एकटी होते. मागच्या दारानं निघाले. सगळ्या बाया शेताकडं पळाल्या. मी कामून तुमच्या आळीला आले सांग? मला वाटलं, आपलं हक्काचं घर हाय तिथं. व्याह्याचं घर. दार वाजवलं. म्हणलं, मल्हारभाऊ, मी भामा, सखारामची माय, दार उघडा. आत खोकला ऐकू आला. मग तुझा बाप आतून म्हणला, इथं नका थांबू बाई, कुणी बघंल. अन् वरची दुसरी कडी लावली."

आत्या भावाकडं बघू लागली.

"मग ओढ्याच्या घळीत बसले," भामाबाई म्हणाली. "पोलीस येईस्तोवर."

"बाहेर भिकन होता त्या लोकांत," मल्हारराव खाली बघत म्हणाला. "माझं पोरगं. तुम्हाला आत घेतलं असतं, तर तो त्यांना घेऊन घरात शिरला असता. मी काय करणार होतो?"

"मला ते माहीत नव्हतं," भामाबाई म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला मागच्या बाजूनं गोठ्यात जा म्हणाला असता, तरी मी गेले असते. तुम्ही म्हणालात कुणी बघंल."

मल्हारराव उठला. त्यानं पटका डोक्याला गुंडाळला. "मी रविवारी काठावर येऊन थांबंन," तो मंजुळाला म्हणाला. "पुढं तुझी मर्जी." तो गेला. आत्या त्याच्या मागं जिन्यापर्यंत गेली आणि तिथंच बसून रडू लागली.

सखारामनं मंजुळाला बाहेर बोलावलं. गल्लीत बायका नळावर भांडत होत्या.

"एक विचारतो," तो म्हणाला. "बेट तुला का सुचलं?"

मंजुळाला खोटं बोलता आलं असतं. गाव, वाळू, पाणी, सगळं पुन्हा सांगता आलं असतं. ती म्हणाली, "आप्पा कुठंच व्हय म्हणत नव्हते. जिथं कुणी बघणार नाय, अशी जागा तेवढीच होती."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"व्हय."

"अन् मला सांगितलंस, आपलं गाव म्हणून."

"तेबी खरं होतं, सखाराम."

"तुझ्यासाठी असंल." तो थांबला. "मी बाच्या पाया पडलो. मायला गप बसवलं. मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं करतोय. तुझ्या बापाला लपवायचं होतं, ते मी समजू शकतो. तू बी लपवतच होतीस."

"मला तू पाहिजे होतास," मंजुळा म्हणाली. "कसा बी. मग तू म्हणशील तिथं लावू. भोरखेड्यात लावू, जळलेल्या वस्तीत, सगळ्यांसमोर. उद्या चल."

सखारामनं मान हलवली. "आता ते लग्न राहणार नाय. मोर्चा होईल. अन् तुला बघितलं की माझ्या मायला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "माझं तुझ्याशी भांडण नाय, मंजुळा," तो म्हणाला आणि आईला घ्यायला आत गेला.

रविवारी मल्हारराव खरंच धरणाच्या काठावर जाऊन थांबला होता. दुपारी तो नावेतल्या मडक्यातलं पाणी पिऊन घरी गेला, असं बद्रीनाथनं नंतर आत्याला सांगितलं. त्याच आठवड्यात वरून नाशिककडचं पाणी आलं आणि बेटाभोवतीची वाळू बुडाली.

वस्तीची माणसं उतरली होती त्या शाळेत मंजुळा रोज जात राहिली. कामावरून सुटली की तिथं भाकरी थापायला बसायची, लहान पोरांची अंगं पुसायची. भामाबाईनं तिला कधी हाकललं नाही. एके दिवशी ती मंजुळाजवळ येऊन बसली.

"तू चांगली पोरगी हाय," ती म्हणाली. "तुझा राग नाय माझ्या मनात. पण तू आलीस की मला ती कडी ऐकू येती. घरात सून म्हणून तू रोज वावरणार, अन् मी रोज ती ऐकणार. नको येत जाऊ."

मंजुळानं हातातलं पीठ धुतलं आणि ती घरी आली.

सखारामनं दुसऱ्या कारखान्यात काम धरलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, नांदेडकडची मुलगी. मुकुंदवाडीच्या विहारासमोर मांडव होता आणि गल्लीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला होता. सगळी वस्ती जेवली. वाजंत्री आत्याच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होती. आत्यानं खिडकी लावायला हात उचलला, तेव्हा मंजुळा म्हणाली, "असू दे."

भिकनचं लग्नही त्याच सालात झालं. जाळपोळीच्या खटल्यात त्याचं नाव आलं होतं, पण साक्ष द्यायला गावातलं कुणी उभं राहिलं नाही. मंजुळा लग्नाला गेली नाही. बापानं तिच्यासाठी सिल्लोडचं स्थळ आणलं. कापसाचा व्यापार, पक्कं घर. माणसं बघायला येणार होती त्या दिवशी ती कामावर गेली आणि दुसऱ्या पाळीलाही थांबली. पुन्हा मल्हाररावनं स्थळ आणलं नाही.

ठराव होऊनही विद्यापीठाचं नाव बदललं नव्हतं. त्या हिवाळ्यात शहरात सत्याग्रह सुरू झाला. जथेच्या जथे येत होते आणि अटक करून घेत होते. मंजुळा कुणाला न सांगता त्यात गेली. सखाराम तिथं असेल या आशेनं ती गेली नव्हती, निदान तिनं स्वतःला तसं बजावलं होतं. क्रांती चौकात पोलिसांनी बायकांना गाडीत बसवलं, तेव्हा घोषणा देताना तिचा आवाज बसला होता.

हर्सूलच्या तुरुंगात बायकांची बराक भरून गेली होती. दुपारी भाकरी आणि डाळ आली. बाया ओळीनं बसल्या. मंजुळाच्या एका बाजूला आवडाबाई नावाची म्हातारी होती, दुसऱ्या बाजूला एक तरणी बाई. त्या बाईनं आपल्या ताटलीतला कांदा फोडून अर्धा मंजुळाला दिला आणि विचारलं, "कुठली गं तू?"

"भोरखेड्याची."

"आगं, मी बी तिथलीच. कडूबाई. लग्न होऊन आले तवा गाव नवं झाल्तं. कुणाची तू?"

मंजुळाला आपल्या बापाचं नाव घ्यायला वेळ लागला. "मल्हाररावची," ती म्हणाली. "भिकनची बहीण."

कडूबाईनं हातातली भाकरी ताटलीत ठेवली. मग ती ताटली उचलून उठली आणि बराकीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

आवडाबाईनं सगळं पाहिलं होतं. "तिचं लेकरू भाजलं त्या दिवशी," ती म्हणाली. "पाळण्यात होतं."

"कसंय आता?"

"हाय. उजवा हात आखडला त्याचा. बोटं उघडत नायत." म्हातारीनं मंजुळाची ताटली तिच्याकडं सरकवली. "तू खा. डाळ गार होईल."

मंजुळानं भाकरीचा तुकडा मोडला. कडूबाईनं दिलेला अर्धा कांदा ताटलीच्या काठाला होता. तो खावा की परत नेऊन द्यावा, हे तिला कळेना.